परसातील दुसरी चूल
खानदेशातील जोडघरे आणि बांधकामाचे नियम : दोनशे वर्षांचा मागोवा

एखादे कुटुंब विभक्त झाले हे मराठी माणसाला सांगायचे असले की तो भिंतीचे नाव काढत नाही, दाराचेही काढत नाही. 'त्यांची चूल वेगळी झाली', एवढेच तो म्हणतो. एका छताखाली चार खोल्या असोत की चौदा, चूल एक असेल तर घर एक. आणि त्याच छताखाली दोन चुली पेटल्या की घरे दोन झाली. विशेष म्हणजे सरकारदरबारीही हाच हिशेब चालतो. जनगणनेत कुटुंबाची व्याख्या करताना एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब असे धरले जाते. आपल्या राज्याच्या बांधकाम नियमावलीत निवासी गाळ्याची व्याख्या करतानाही स्वतंत्र स्वयंपाकाची सोय हीच त्याची खूण मानली आहे. म्हणजे परसात बांधलेली एखादी खोली तिथे शेगडी मांडेपर्यंत 'खोली' असते. शेगडी मांडली की ती कायद्याच्या दृष्टीने दुसरे घर होते.

आपल्याच जागेत, आपल्याच घराला लागून किंवा घराच्या पाठीमागे बांधलेले हे दुसरे लहान घर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लग्न झालेल्या धाकट्या मुलासाठी, विधवा होऊन माहेरी परतलेल्या बहिणीसाठी, जिना चढू न शकणाऱ्या वृद्ध आईवडिलांसाठी, किंवा निवृत्तीनंतर चार पैसे भाडे यावे म्हणून अशी खोली काढण्याचा विचार ज्या घरात झाला नाही असे घर आपल्या धर्मग्रामात क्वचितच सापडेल. ही खोली 'काढण्या'साठी कोणाची परवानगी लागते, केव्हापासून लागते आणि का लागते, याचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. तो जळगाव आणि धुळे या खानदेशातील दोन शहरांच्या आधारे येथे मांडला आहे.

ओसरी, धाबे आणि परस

खानदेशातील जुने घर धाब्याचे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर मातीचा जाड थर, असे हे सपाट छप्पर. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. अशा वेळी जाड मातीच्या भिंती आणि जाड छप्पर दिवसा घर निववतात आणि रात्री तेच धाबे अंथरुणासाठी उपयोगी पडते. पुढे ओटा, मग ओसरी, आत माजघर, मागे परस, परसात गोठा, विहीर किंवा न्हाणी, अशी ही मांडणी. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी लग्नानंतर जुन्या जळगावातील ज्या चौधरी वाड्यात नांदल्या, तो वाडा याच खानदेशी परंपरेतला.

या घरात दुसरी चूल मांडायला फारसे काही लागत नसे. ओसरीचा एक खण कुडाने अडवला, किंवा गोठ्याची भिंत पुढे ओढली, की नव्या जोडप्याचा संसार सुरू होई. परवानगी घ्यायची ती घरातल्या वडीलधाऱ्यांची. शेजाऱ्याच्या धाब्यावरचे पाणी आपल्या अंगणात येऊ नये, त्याच्या वाटेवर आपली भिंत येऊ नये, एवढे पाहिले म्हणजे झाले. भांडण झालेच तर ते चावडीवर जाई. गावठाण मर्यादित होते खरे, पण माणसेही मर्यादित होती. नियम नव्हते असे म्हणणे चुकीचे होईल. नियम होते, पण ते लिहिलेले नव्हते.

सपाट छपराच्या प्रदेशात घरात भर घालण्याची ही रीत जगाला नवी नाही. जुन्या करारातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथात शुनेम गावची एक सधन स्त्री अलीशा संदेष्ट्यासाठी आपल्या घरावर एक लहानशी माडी बांधते आणि तिथे पलंग, मेज, बैठक व दिवा ठेवते, ही हकिगत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. याच करारात मोशेच्या नियमशास्त्रात, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा, म्हणजे तिथून कोणी पडून मरण पावल्यास त्या रक्ताचा दोष घराला लागणार नाही, अशीही आज्ञा आहे. घर माझे, जागा माझी, पण त्यावरून कोणी पडला तर दोष माझा, हे त्या आज्ञेचे तत्त्व. पुढे जे शेकडो नियम आले त्यांचे मूळ याच एका विचारात आहे; फरक इतकाच की वाढत्या शहरात त्या कठड्याबरोबर हवा, उजेड, सांडपाणी आणि आग यांचाही विचार करावा लागला.

ब्रिग्जचे धुळे

पेशवाई बुडाल्यावर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये धुळ्याला आपले ठाणे केले. मुंबई-आग्रा मार्गावरील मध्यवर्ती जागा म्हणून त्याने हे गाव निवडले. त्या वर्षी धुळ्यात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. घरे वाढावीत म्हणून ब्रिग्जने काय केले, हे आज मुद्दाम आठवण्यासारखे आहे. त्याने घरबांधणीसाठी कायमची बिनसाऱ्याची जागा दिली आणि पक्की घरे बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांना व नवागतांना अशा दोघांनाही आगाऊ रकमा दिल्या. म्हणजे या शहरातील घरबांधणीचे पहिले सरकारी धोरण 'बांधू नका' असे नव्हते, तर 'या आणि बांधा' असे होते.

त्यातून जुन्या वस्तीशेजारी सरळ रस्त्यांचे नवे धुळे उभे राहिले. आजही धुळेकर आपला पत्ता गल्लीच्या क्रमांकाने सांगतात, ही त्या आखणीचीच खूण होय. १८६३ पर्यंत लोकसंख्या दहा हजारांवर गेली. १९०१ च्या जनगणनेत ती २४,७२६ भरली. मधल्या काळात १८७२ च्या पांझरेच्या पुराने शहरातील घरांची मोठी हानी केली. नदीकाठच्या जागेवर घर बांधताना पूररेषा पाहावी लागते, हा आजचा नियम कित्येकांना जाचक वाटतो. परंतु धुळ्याने त्याची किंमत नियम होण्याच्या कितीतरी आधी मोजली आहे.

आखलेल्या गल्लीत मात्र एक नवी अडचण जन्माला आली. ओबडधोबड गावठाणात घर मागे वाढत असे. सरळ गल्लीतील घराला दोन्ही बाजूंनी शेजारी आणि मागे दुसऱ्या गल्लीचे घर. वाढायला उरले ते अंगण आणि आकाश. अंगण भरले की हवा गेली, आणि आकाशाकडे गेले की शेजाऱ्याचा उजेड गेला. शहरातील दुसऱ्या चुलीचा प्रश्न इथून सुरू झाला.

कापूस, रेल्वे आणि आउटहाउस

जळगावचा उत्कर्ष कापसाने केला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६२ ते १८६५ मध्ये, तेथील कापूस बंद झाला आणि खानदेशी कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि व्यापाऱ्यांचे हाल झाले. तरीही रेल्वे आलेली होती आणि शहर उभे राहिले होते. धुळ्याची नगरपालिका १८६२ मध्ये आणि जळगावची १८६४ मध्ये स्थापन झाली. जुन्या गावाबाहेर नवनव्या पेठा वसल्या. पोलन पेठेच्या नावात एका इंग्रज अधिकाऱ्याची आठवण अजून शिल्लक आहे. १९०१ मध्ये जळगावची लोकसंख्या १६,२५९ होती. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे झाले.

शेजारच्या भुसावळला रेल्वेने अक्षरशः जन्म दिला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे जंक्शन आणि इंजिनांचे कारखाने येथे आले आणि त्यांबरोबर गोमंतकीय, अँग्लो-इंडियन व इतर ख्रिस्ती कर्मचारीही आले. रेल्वेच्या वसाहती आखून बांधल्या जात. हुद्द्याप्रमाणे बंगला किंवा चाळ ठरलेली असे. साहेबाच्या बंगल्यामागे, आवाराच्या टोकाला, एक-दोन खोल्यांची ओळ असे. तिलाच आउटहाउस म्हणत. स्वयंपाकी, माळी, आया यांची कुटुंबे तिथे राहत. खानदेशात एका जागेवर मुख्य घर आणि त्याच्या आश्रयाने असलेले दुसरे घर, अशी नकाशावर दाखवलेली रचना प्रथम येथे ठळकपणे दिसते.

या आउटहाउसचे दोन पैलू ध्यानात घ्यायला हवेत. नोकराला डोक्यावर छप्पर मिळाले, मुलांना शाळा जवळ आली, हे खरे. पण ते छप्पर नोकरीला बांधलेले होते. नोकरी गेली की चूलही गेली. शिवाय खोली सर्वांत मागे, पाण्याचा नळ लांब, खिडकी असलीच तर एक. त्याच्या उलट, परसातील कुडाच्या खोलीत राहणारा धाकटा भाऊ गरीब असला तरी घरचा होता. दुसरे घर आपल्या माणसासाठी बांधतो की आपल्या सोयीसाठी, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या खिडकीच्या आकारावरून कळते, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

सूचना देण्याचा कायदा

१८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावोगावच्या रहिवाशांना नगरपालिका स्थापण्याची वाट मोकळी झाली. बांधकामावर खरी नजर आली ती १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने. नवी इमारत उभारण्यापूर्वी किंवा जुन्या इमारतीत भर घालण्यापूर्वी नगरपालिकेस लेखी सूचना दिली पाहिजे, असे या कायद्याने ठरवले. ओसरीचा खण अडवणे आणि परसात भिंत चढवणे ही कुटुंबाची खाजगी बाब होती, ती येथून सार्वजनिक झाली.

यामागे केवळ सरकारी हौस नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच तो प्रांतभर पसरला. खानदेशही त्यातून सुटला नाही. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत माणसे पटापट मरतात हे डोळ्यांदेखत दिसले. १८९८ मध्ये मुंबईत सुधार मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले आणि दोन इमारतींमधील अंतराच्या दुपटीहून समोरच्या इमारतीची उंची अधिक असू नये, हा साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा विचार तेथे मांडला गेला. घराभोवती मोकळी जागा सोडण्याचे जे नियम आज आपण 'मार्जिन' म्हणून ओळखतो, त्यांच्या मुळाशी प्लेगने दिलेला हा धडा आहे. १९१५ मध्ये मुंबई प्रांताने देशातील पहिला नगररचना कायदा केला. मोठ्या नगरपालिकांसाठी १९२५ मध्ये बरो कायदा आला. नियमांचा भार असा थरावर थर चढत गेला.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. युद्धकाळात घरांची टंचाई झाली होती आणि भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यक होते. पण त्याचा एक परिणाम असा झाला की परसातील खोली भाड्याने द्यायला मालक कचरू लागला. एकदा आलेला भाडेकरू निघत नाही आणि भाडे वाढत नाही, ही धास्ती घराघरांत बसली. कित्येक खोल्या कुलपात राहिल्या, कित्येक बांधल्याच गेल्या नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आणि मुदत संपल्यावर परवानाधारकाकडून जागा परत मिळवण्याची वेगळी वाट दिली. ज्या घरात परसातील खोली आजही तोंडी बोलीवर दिली जाते, त्या घरमालकाने हे लक्षात ठेवावे की करार नोंदवलेला नसेल तर वादाच्या वेळी भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जाऊ शकतात.

चटई, मार्जिन आणि साठ दिवस

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर दोन कायदे महत्त्वाचे ठरले. १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा. दुसऱ्या कायद्याने 'विकास' या शब्दात जवळजवळ प्रत्येक बांधकाम आणले. घराची डागडुजी किंवा बाहेरच्या स्वरूपात फरक न पाडणारे आतले बदल यांना सूट आहे. मात्र नवी खोली, मग ती दहा फुटांची का असेना, परवानगीशिवाय बांधता येत नाही. अर्ज केल्यावर नियोजन प्राधिकरणाने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर, आराखडा नियमांना धरून असल्यास, परवानगी मिळाली असे मानले जाते, ही तरतूदही याच कायद्यात आहे. ती फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढच्या काळात 'चटई क्षेत्र निर्देशांक' हा शब्द घरोघरी पोचला. जेवढा भूखंड, त्याच्या ठरावीक पटीतच एकूण बांधकाम, असा हा हिशेब. परंतु लहान घरमालकाची खरी अडचण निर्देशांकाची नसून मार्जिनची असते. एक उदाहरण घेऊ. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेहेतीस फूट लांब आणि तेवढाच रुंद. दोन गुंठ्यांचा भूखंड तेहेतीस बाय सहासष्ट फुटांचा, म्हणजे २,१७८ चौरस फुटांचा झाला. मूळ निर्देशांक १.१० धरला तर त्यावर सुमारे २,३९५ चौरस फूट बांधता येते. वडिलांनी बांधलेले घर आठशे फुटांचे असेल तर कागदावर सुमारे सोळाशे फूट शिल्लक राहतात. पण पुढे रस्त्याच्या बाजूने, दोन्ही कुशींना आणि मागे जागा मोकळी सोडायची, शिवाय एका भूखंडावर दोन इमारती असतील तर त्या दोघींमध्येही अंतर ठेवायचे. हे सर्व वजा केल्यावर परसात उभी राहण्यासारखी खोली उरत नाही. क्षेत्र उरते, पण जागा उरत नाही.

याचा परिणाम असा की कायदा दुसऱ्या चुलीला जमिनीवरून वर ढकलतो. माडी चढवा, असे नियम न बोलता सांगतात. तरुण मुलगा माडीवर जाईल. पण ज्यांच्यासाठी हे दुसरे घर बहुधा हवे असते ते गुडघे दुखणारे आईवडील जिना कसे चढतील? आणि जुन्या मातीच्या भिंतींवर माडीचा भार टाकायचा तर आधी सारे घरच पाडावे लागते. खानदेशातील किती धाब्याची घरे याच एका कारणाने गेली असतील, याचा विचार वाचकांनी करावा.

खोलीच्या आकाराविषयीही नियम आहेत आणि ते मात्र मायेचे आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० मध्ये आली. एकच राहती खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटर असावी आणि खिडक्यांचे क्षेत्र कोरड्या उष्ण हवामानात जमिनीच्या किमान एक दशांश असावे, असे मानक तिच्यात आहे. दमट उष्ण हवामानासाठी हेच प्रमाण एक षष्ठांश आहे. म्हणजे वसईच्या घराला जेवढी खिडकी हवी तेवढी जळगावच्या घराला नको, कारण इथे खिडकीतून वाऱ्याबरोबर झळही येते. आपल्या पूर्वजांच्या लहान खिडक्यांमागेही हाच हिशेब होता.

गुंठेवारी

नियम कडक आणि गरज मोठी, अशा वेळी माणूस तिसरी वाट काढतो. शहराच्या कडेची शेती विनापरवाना तुकड्यातुकड्यांनी विकली गेली आणि त्या गुंठ्यांवर घरे उभी राहिली. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा शेतीसाठी होता. शहरालगत तो कागदावरच राहिला. साध्या मुद्रांकावर व्यवहार झाले. पुढे नळ आला, वीज आली, घरपट्टीही आली. घरपट्टीची पावती हातात आली की आपले घर कायदेशीर झाले, असा समज सर्वत्र पसरला. तो समज चुकीचा आहे. कर बसवला म्हणजे बांधकाम मान्य झाले असे होत नाही. इतकेच नव्हे तर अनधिकृत बांधकामावर शास्ती लावण्याची तरतूदही महानगरपालिकांच्या कायद्यात आहे.

शासनाने २००१ मध्ये गुंठेवारी विकास नियमित करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठेवारीला शुल्क भरून नियमित होण्याची संधी मिळाली. २०२१ मधील दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. हजारो कुटुंबांना यातून दिलासा मिळू शकतो, हे खरे. पण वीस वर्षांत एकच दार दोनदा उघडावे लागते, याचा अर्थ दाराची उंची माणसाच्या उंचीला जुळत नाही, असाही होतो.

मोठ्या सरकारी योजनांनी हा प्रश्न सुटेल असेही म्हटले जाई. १९९० च्या दशकात जळगाव नगरपालिकेने हजारो घरकुलांची योजना हाती घेतली. ती अपुरी राहिली, तिचे प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्यात अनेकांना दोषी ठरवले. त्या निकालाची चर्चा करण्याचे हे स्थळ नाही. एवढेच म्हणता येईल की ज्या काळात ती घरकुले रखडली, त्याच काळात त्याच शहरात असंख्य खोल्या परसात आणि धाब्यांवर गुपचूप उभ्या राहिल्या. शहराने आपली माणसे सामावून घेतली ती पुष्कळशी या नाव नसलेल्या घरांत.

आजची नियमावली

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांच्या महानगरपालिका २००३ मध्ये झाल्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४,६०,२२८ आणि धुळ्याची ३,७५,५५९ होती. शहराशहरांच्या वेगवेगळ्या नियमावल्या जाऊन डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. मुंबई महानगर आणि काही विशेष क्षेत्रे वगळता ती सर्व राज्याला लागू आहे.

लहान घरमालकाच्या दृष्टीने तिच्यातील मोठी सुधारणा अशी : १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील साध्या निवासी बांधकामासाठी तज्ज्ञाच्या सहीचे नकाशे व शुल्क सादर केल्यावर मिळणारी पोच हीच परवानगी समजली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला दहा दिवसांत परवानगी द्यावयाची आहे. वर उदाहरणात घेतलेला दोन गुंठ्यांचा भूखंड सुमारे २०२ चौरस मीटरचा, म्हणजे या दुसऱ्या वर्गातला. मात्र ही सवलत प्रक्रियेची आहे, मार्जिनची नव्हे. नकाशा नियमांत बसला पाहिजे, काम झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेतले पाहिजे, आणि मालमत्ता पत्रकावर किंवा सातबारावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची संमती हवी.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत, असलेल्या लहान घरात किमान नऊ चौरस मीटरची भर घालण्यासाठीही पात्र कुटुंबाला साहाय्य ठेवले होते. दुसऱ्या खोलीची गरज शासनाने मान्य केली याची ही खूण मानावी. तरीही एका भूखंडावरील दुसऱ्या लहान घराला आपल्या नियमावलीत स्वतःचे नाव आणि स्वतःची मापे नाहीत. त्याला मोठ्या इमारतीच्याच फूटपट्टीने मोजले जाते.

इतरत्र या घराला नाव मिळाले आहे. ऑस्ट्रेलियात 'ग्रॅनी फ्लॅट' म्हणजे आजीचे घर हा शब्द रूढ आहे; न्यू साउथ वेल्स राज्याने २००९ मध्ये साठ चौरस मीटरपर्यंतच्या अशा घरांना राज्यव्यापी नियम दिले. त्याच वर्षी कॅनडातील व्हँकुव्हर शहराने मागील बोळाच्या बाजूला लहान घर बांधण्यास मोकळीक दिली. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने २०१६ पासून एकापाठोपाठ एक कायदे करून स्थानिक संस्थांचे अडथळे दूर केले आणि २०२० पासून अर्जाचा निर्णय साठ दिवसांत देणे बंधनकारक केले. साठ दिवसांची मुदत आपण १९६६ मध्येच लिहून ठेवली होती, हे वाचून खानदेशातील वाचकाला हसू येईल की वाईट वाटेल, सांगता येत नाही.

आपल्या कुटुंबांचा प्रश्न

जळगाव, भुसावळ आणि धुळ्यातील आपली कुटुंबे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. बहुतेकांची पहिली पिढी नोकरीसाठी आली, दुसऱ्या पिढीने भूखंड घेतला, घर बांधले. आता तिसऱ्या पिढीसमोर वाटणीचा प्रश्न आहे. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मागे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगे व मुलींना सारखे, अशी त्यातील वाटणी आहे. कायदा न्याय्य आहे. पण दोन गुंठ्यांचे चार तुकडे करता येत नाहीत. मग घर विकून पैसे वाटायचे, की एकाच भूखंडावर दोन चुली सलोख्याने पेटवायच्या, एवढेच पर्याय उरतात. पहिला पर्याय निवडला तर आई कोणाकडे जाणार, हा प्रश्न प्रत्येक वेळी शेवटी विचारला जातो, वास्तविक तो पहिला असायला हवा.

दुसरा पर्याय निवडणाऱ्यांनी तो कागदावरही निवडावा. आईवडील हयात असतानाच मृत्युपत्र करावे. सर्व वारसांची लेखी संमती घ्यावी. मोजणी करून हद्द निश्चित करावी आणि नकाशा मंजूर करून घेऊनच पाया खणावा. भाऊ परदेशी गेला आहे, बहीण काही म्हणणार नाही, शेजारी आपलाच आहे, अशा भरवशावर उभी केलेली भिंत पुढच्या पिढीत भांडणाची भिंत होते. १९६६ च्या कायद्यानुसार अनधिकृत बांधकाम काढण्याची नोटीस येऊ शकते, आणि नोटीस आल्यावर सर्वांत आधी बेघर होतो तो त्या मागच्या खोलीतला माणूस. म्हणजे कुटुंबातील सर्वांत दुबळा.

आणि नियम करणाऱ्यांकडूनही काही अपेक्षा आहे. प्लेगने शिकवलेली हवा आणि उजेड यांची शिस्त कोणी सोडा म्हणत नाही. पण घरमालकाच्याच भूखंडावर, एका मजल्याचे, ठरावीक आकाराचे, पुरेशी खिडकी असलेले दुसरे लहान घर मोठ्या इमारतीपेक्षा वेगळे आहे, एवढे मान्य करून त्याला वेगळी मापे देता येतील. त्याला परसघर म्हणा, जोडघर म्हणा. एकदा नाव मिळाले की नियमही होईल आणि नियम झाला की लपवाछपवी संपेल. ब्रिग्जने दोनशे वर्षांपूर्वी जुन्या रहिवाशालाही आगाऊ रक्कम दिली होती ती पक्के घर उभे राहावे म्हणून. आजच्या महानगरपालिकेने रक्कम देण्याची गरज नाही. जमिनीवर, जिन्याशिवाय, एका म्हाताऱ्या बाईला तिची चूल मांडता येईल एवढी जागा नकाशावर सोडली तरी पुरे.